कॅमचं टायमिंग: खुणा जुळवून लावायचं की लॉकिंग टूलने?

इंजिनाचा टायमिंग बेल्ट (पिस्टनने फिरणारा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम हे दोन शाफ्ट मेळात फिरवणारा दातेरी पट्टा) बदलायला घेतलाय आणि लॉकिंग टूलचा, म्हणजे शाफ्ट ठरल्या जागी धरून ठेवणाऱ्या पिना वगैरेंचा, संच घ्यावा की नाही हे ठरत नाहीये, तर आधी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये एवढंच बघा: कॅमचा आणि क्रँकचा स्प्रॉकेट (बेल्ट ज्यावर चढतो ते दातेरी चाक) शाफ्टवर चावीने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या धातूच्या छोट्या तुकड्याने, बसतो का?

चावी असेल तर स्प्रॉकेट एकाच जागी बसू शकतो, म्हणून त्यावरच्या कंपनीच्या खुणेवर विसंबता येतं. अशा इंजिनाला टूल नसलं तरी चालतं. बेल्ट चढवताना ताणाची बाजू घट्ट ठेवायची, सगळी ढील टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीच्या) बाजूला आणायची.

बऱ्याच इंजिनांत मात्र चावी नसते. स्प्रॉकेट फक्त बोल्टच्या दाबाने धरलेला असतो. बोल्ट सैल केला की तो शाफ्टवर मोकळा फिरतो आणि खुणेचा काही उपयोग राहत नाही. इथे लॉकिंग टूलशिवाय हात घालू नका. अंदाजाने लावलेलं टायमिंग दिसायला बरोबरच दिसतं, म्हणून ते जास्त घातक.

जुन्या बेल्टवर रंगाने खुणा करून त्या नव्यावर उतरवायची पद्धत झटपट आहे, पण ती आधीची चूकही तशीच उतरवते. बेल्ट तुटला असेल किंवा दात उडी मारून गेला असेल तर ती बादच. मी ती फक्त जोडीला, दुसरी खात्री म्हणून वापरतो.

एका दाताने काय होतं? कॅमच्या स्प्रॉकेटला ४० दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८, कारण कॅमच्या एका फेऱ्यात क्रँक दोनदा फिरतो. तेवढ्यावर गाडी बहुधा चालू होते, पण ओढत नाही. चूक आणखी वाढली आणि व्हॉल्व्ह-पिस्टन एकमेकांच्या वाटेत येणारं इंजिन असलं, तर व्हॉल्व्ह वाकतात.

टूल घेतलं म्हणून धोका संपत नाही. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते लॉकिंग पिनच्या आधारावर स्प्रॉकेटचा बोल्ट आवळल्याने: पिन तुटते, कधी कॅमचं टोकच तडकतं. पिन फक्त जागा धरण्यासाठी असते. आवळताना स्प्रॉकेट वेगळ्या होल्डरने धरा.

टायमिंग कसंही लावलं असो, टूल काढून, प्लग खोलून, क्रँकच्या बोल्टवर पाना लावा आणि इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. स्टार्टर अजिबात मारायचा नाही. दोन फेऱ्यांनी खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत, किंवा पिना सहज आत गेल्या पाहिजेत. बेल्टऐवजी चेन असेल तर तिच्यावरच्या खुणेच्या रंगीत कड्या दोन फेऱ्यांत परत जुळत नाहीत, त्यामुळे घाबरू नका, स्प्रॉकेटच्या खुणा बघा. मध्येच कुठे कडक अडलं तर जोर लावू नका. तिथेच थांबा, बेल्ट उतरवा, पहिल्यापासून लावा.