पाचवीतल्या पोरासाठी सोपी पुस्तकं : जूनपासूनचा अनुभव

आम्ही अमळनेरचे. मुलगा पाचवीत, शाळा मराठी माध्यमाची, घरात अहिराणी. तोंडी गोष्ट सांगायला लावली तर रंगवून सांगेल, पण पुस्तक दिलं की जोडाक्षरापाशी अडायचा आणि दोन ओळींत मिटून ठेवायचा. असंच पोर ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

सगळ्यात जास्त वापरलं ते प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, म्हणजे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ. २०१५ पासून सुरू आहे, पीडीएफ फुकट मिळते आणि परवाना खुला असल्याने छापून घ्यायला आडकाठी नाही. गोष्टींच्या चार पातळ्या आहेत : पहिलीत अडीचशेच्या आत शब्द, दुसरीत सहाशेपर्यंत, तिसरीत दीड हजारापर्यंत, चौथीत त्याहून जास्त. मोबाइलवर तो नुसती चित्रं सरकवायचा, म्हणून झेरॉक्स काढून पिना मारून दिल्या. कागदावर बोट ठेवून वाचतो. फक्त गडद चित्रावर मजकूर छापलेली पानं काळ्या-पांढऱ्यात वाचता येत नाहीत, ती आधीच बघून घ्या.

पातळीच्या आकड्यावर मात्र विसंबू नका, पान उघडून बघा. आपल्या लिपीत शब्द किती यापेक्षा जोडाक्षरं किती हे महत्त्वाचं. एकटा ‘र’ घ्या : प्रकाश, पर्वत, राष्ट्र, दऱ्या. चार शब्दांत चार रूपं. त्यातला रफार सगळ्यात अवघड, कारण बोलायचा आधी आणि दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. माझा मुलगा ‘पर्वत’ला ‘पव्रत’ म्हणायचा. एकच अवघड शब्द पुन्हापुन्हा येणारी गोष्ट दिली, तर शेवटच्या पानापर्यंत तो शब्द सरळ निघायला लागतो. अशी पुस्तकं हुडकून काढा, वेळ जातो पण फार उपयोग होतो.

दुसरी गोष्ट वयाची. पहिल्या पातळीत मांजराची पिल्लं आणि फुगेच जास्त. पाचवीतल्या मुलाला ते धाकट्या बहिणीचं पुस्तक वाटतं, आणि मित्रासमोर तर तो हातही लावत नाही. आमच्याकडे माहितीची पुस्तकं चालली : साप, विहीर, रेल्वे. भुसावळला इंजिनं पाहिलेली, त्यामुळे रेल्वेचं पुस्तक त्याने स्वतःहून परत परत काढलं. वाचून झालं की आजी विचारते, “मंग काय व्हयनं?” आणि तो अहिराणीत सगळं सांगतो. त्याला कळलंय की नाही हे मला तिथेच समजतं, प्रश्नोत्तरांची गरज पडत नाही.

काही अनुवादित गोष्टींची भाषा खटकते. आपल्याकडे कुणी बोलत नाही अशी वाक्यं. तिथे मुलगा अडतो तो अक्षरामुळे नाही, वाक्यामुळे. बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंकही ऑनलाइन फुकट आहेत. मासिक १९७१ पासूनचं आहे. गोष्टी त्याला अजून लांब वाटतात, कोडी आणि विनोद मात्र वाचतो. चालेल, तेही वाचनच आहे.

आता दुसरी पातळी एकटा वाचतो. तिसरी आम्ही पाळीपाळीने, एक पान माझं, एक त्याचं. पाठ्यपुस्तकाचा कंटाळा अजून गेलेला नाही. महिनोन्‌महिने सराव करूनही अक्षरांची अदलाबदल थांबत नसेल तर तज्ज्ञांकडून तपासणी जरूर करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली अशी अडचणही धरलेली आहे.

मला अजून हवी आहेत ती दहा-बारा वर्षांच्या मुलांची पुस्तकं : क्रिकेट, चोर-पोलीस, भुताटकी, पण वाक्यं छोटी आणि अक्षर ठसठशीत. मराठीत अशी फार थोडी हाती लागली. कुणाकडे असतील तर नावं कळवा, दिवाळीच्या सुट्टीच्या आत मागवून घेईन.