गेटवेला जे-२४ वर सेलिंग शिकलो, बोट झकास पण किनाऱ्यापुरतीच

डिसेंबरात चार रविवार गेटवेहून जे-२४ या शिडाच्या बोटीवर सेलिंग शिकलो. जायच्या आधी शोधत होतो तेव्हा "मजा आली" याच्यापुढे कोणी काही लिहिलेलं सापडलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

बोट २४ फुटी, खाली शिशाची कील, म्हणजे बोट उलटू नये म्हणून तळाला असलेला जड पंखा. वाऱ्याने एका कुशीवर कलली की पहिल्यांदा छातीत धडधडतं, पण ती परत सरळ होते आणि मग भरवसा बसतो. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा मंद, नुसतं डुलत बसायचं, दुपारी वायव्येचा वारा धरला की तीच बोट सुसाट. जिबची (पुढच्या शिडाची) दोरी विंचवर (दोरी ताणायच्या फिरत्या रिळावर) एकच वेढा घेऊन धरलेली, झटका आला आणि तळहातावरून सर्रकन गेली, सालटं निघालं. हातमोजे स्वतःचे न्या, त्यांच्याकडचे फाटके होते. दोन लाइफ जॅकेटचे बक्कलही लागत नव्हते, मी तिथेच सांगून बदलून घेतले, असं चालणार नाही.

शिकवणारे सर मात्र सोनं. तिसऱ्या रविवारी विचारलं, सर हिला गोव्याला नेता येईल का? ते काही बोलले नाहीत, केबिनमध्ये जाऊन बस म्हणाले. आत ताठ उभं राहता येत नाही, पाण्याची टाकी नाही, दोन रात्री झोपायचं कुठे. मग म्हणाले, इथे वारा वाढला तर मांडव्याला नाहीतर करंजाला शिरशील, ६० मैल बाहेर शिरायला जागाच नसते, येईल ते बोटीनेच झेलायचं.

गोव्यात दिवाडीला बांधलेली नौदलाची शिडाची बोट म्हादेई ५६ फुटी, २३ टनांची, तिच्यावरून नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, नंतर अभिलाष टॉमी तर २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. आपली जे-२४ दीड टनाचीही नाही. पण नुसत्या आकारावर जाऊ नका, ऑफशोअर, म्हणजे किनाऱ्यापासून दूर जाणाऱ्या बोटीला कॉकपिटमधलं (सुकाणूजवळच्या उघड्या बसायच्या जागेतलं) पाणी झटकन निचरायला हवं, केबिनचं दार घट्ट बसायला हवं, वादळासाठी वेगळी छोटी शिडं, लाइफराफ्ट (बोट सोडावी लागली तर तराफा), संकटात आपली जागा कळवणारा बीकन, सगळं लागतं. युरोपात बोटींना वर्गच ठरवून दिलेत, सी म्हणजे किनाऱ्यालगत २ मीटर लाटांपर्यंत, बी म्हणजे ऑफशोअर ४ मीटरपर्यंत, सेकंडहँड घेताना पहिलं हेच विचारा.

शिकायला पैसे वसूल, साडेचार स्टार, अर्धा जॅकेटचा कापला. पावसाळ्यात बंद असतं, त्यामुळे मार्चच्या आत जाऊन या.