आधी गळती दाखवली, मगच पाना हातात घेतला – दारूखान्यातल्या वर्कशॉपचा अनुभव

आमची बोट जुनी, १९९७ची फायबर, आत इंजिन आणि मागे आउटड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या पाठीला बाहेर असलेला, पंखा फिरवणारा आणि बोट वळवणारा भाग. वडिलांनी सेकंडहँड घेतलेली, त्यामुळे विकायचा विषय घरात निघतच नाही. गेल्या सीझनला पॉवर स्टेअरिंगचं लाल ऑइल बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साठतं तिथे, दिसायला लागलं, आधी आठवड्याला पाव लिटर आणि नंतर नंतर मांडव्याच्या एका फेरीतच तेवढं. टाकी खाली गेली की पंप कण्हायला लागतो, व्हील दगडासारखं जड होतं, आणि भाऊच्या धक्क्याजवळ बोटींच्या गर्दीत तसं झालं की जीव अक्षरशः घशाशी येतो. शिवाय ते ऑइल बिल्ज पंपातून समुद्रातच जात होतं, ते मला जास्त लागत होतं, तिथेच आपल्या लोकांची जाळी असतात.

पहिल्या मेकॅनिकने बघताक्षणी सांगितलं पंपाचं सील गेलंय. सील बदललं, पैसे गेले, ऑइल तसंच. मग म्हणाला अख्खा पंप बदला. तिथे मी थांबलो आणि ओळखीच्या एका नाखवांच्या सांगण्यावरून पावसाळ्यात बोट ट्रेलरवर घालून दारूखान्यात नेली, मुंबईत रे रोड स्टेशनच्या पूर्वेला. पाटीबिटी काही नाही, चाचा आणि दोन पोरं. चाचा मूळचे रत्नागिरीचे, मराठीत सगळं नीट समजावून सांगतात.

त्यांनी पहिला अर्धा दिवस फक्त साफसफाई केली. डिग्रीझर मारून सगळं धुतलं, सुकवलं, मग पंपाखाली, ऑइल थंड करणाऱ्या कूलरखाली आणि मागे स्टेअरिंगच्या सिलिंडरखाली वेगवेगळे पांढरे कागद अंथरले. आउटड्राइव्हला मफ (पाणी ओढायच्या भोकांवर बसणाऱ्या रबरी वाट्या) लावून नळीने गोडं पाणी सोडलं, इंजिन स्लोवर चालू. दहा मिनिटं काहीच नाही! मग मला म्हणाले, "व्हील पूर्ण डावीकडे न्या आणि दोनच सेकंद धरा." शेवटपर्यंत वळवलं की प्रेशर सगळ्यात जास्त चढतं, आणि तेव्हाच प्रेशर होजच्या (पंपातून ऑइल नेणाऱ्या जाड रबरी नळीच्या) टोकाला, जिथे लोखंडी फेरूल, म्हणजे कडं, दाबलेला असतो, तिथून ऑइल झिरपताना टॉर्चमध्ये दिसलं. ते होजवरून ओघळत पंपाच्या पोटाखाली यायचं आणि तिथून ठिबकायचं, म्हणून जो बघेल तो पंपालाच दोष द्यायचा. मी हाताचं बोट लावून बघायला गेलो तर चाचांनी हात धरला, या प्रेशरचं ऑइल बारीक भोकातून चामडीत घुसतं म्हणाले, पुठ्ठा धरून बघायचं.

होज सापडला तरी त्यांनी कूलर सोडला नाही, हे मला फार आवडलं. बोटीत हा कूलर समुद्राच्या पाण्यावर चालतो, आतली नळी खारट पाण्याने सडली की पाणी ऑइलमध्ये शिरतं आणि ऑइल दुधाळ गुलाबी होतं. आमचं काचेच्या ग्लासात स्वच्छ लाल दिसलं, तरी कूलर काढून, तोंडं बंद करून, हवा भरून बादलीत बुडवला. बुडबुडा नाही. तेव्हाच म्हणाले पंप राहू दे.

जुना होज घेऊन मी स्वतः नागदेवी स्ट्रीटला गेलो, त्याच लांबीचा, त्याच आट्याचा टू-वायर (आत तारेचे दोन थर असलेला) होज आणि स्टेनलेस स्टीलची टोकं दाबून मिळाली. ओ-रिंग नव्या टाकल्या, आणि होज इंजिनाच्या ब्रॅकेटला घासत होता तो क्लॅम्प लावून लांब घेतला, हे त्यांनी न सांगता केलं. मग नवीन डेक्सरॉन, म्हणजे तेच लाल ऑइल, भरून इंजिन बंद ठेवूनच व्हील या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं, थोडं थांबून परत भरलं, मग इंजिन चालू करून पुन्हा तेच, टाकीतला फेस जाईपर्यंत.

तक्रार एकच. चार दिवस सांगून नऊ लावले आणि फोन उचलत नाहीत, स्वतः जाऊन उभं राहावं लागतं, ट्रकांच्या रांगेत गाडी लावायलाही जागा नाही. पण मजुरी ३५०० घेतली आणि होजचे मी वेगळे दिले, पंपाच्या किमतीपुढे हे काहीच नाही. बिल साध्या कागदावर, पण जुना होज परत दिला, फेरूलखालची गंजलेली तार दाखवून.

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात उतरवली, आठ फेऱ्या झाल्या. पंपाखाली पांढरा कागद मी अजून ठेवतो, दर फेरीनंतर काढून बघतो. कोरडा आहे.