१९७१चा ब्लॅकआउट अनुभवायचाय? मग जावा (४ स्टार)
रविवारी आईला घेऊन ह्या शोला गेलतो, जुन्या वाड्यात १९७१च्या युद्धातलं घर उभं केलंय. खिडक्यांना काळा कागद, कंदिलाची वात बारीक, रेडिओ खरखरतोय आणि भोंगा झाला की सगळे चिडीचूप. स्वेटर विणत बसलेल्या काकू एका पोराच्या मोबाइलवर अशा खेकसल्या, "बंद कर की बे ते!" आई म्हणाली, गाड्यांच्या हेडलाइटला पण अर्धा काळा रंग मारायचे, ते दाखवायला पाहिजे होतं. सोमवारी एक वेळ उपासाची पाटी मात्र चुकली राव, शास्त्रीजींचं ते आवाहन १९६५चं. कडक भाकरी-शेंगाचटणी एक नंबर. पण युद्ध डिसेंबरातलं आणि शो मे महिन्यात, खिडक्या बंद, पंखा नाही, घामानं पार आंघोळ!