जिप्सीत साउंड सिस्टीम बसवताना माझी फसवणूक झाली, जुनी गाडी असेल तर नक्की वाचा

नमस्कार मंडळी, लिहू का नको यात तीन महिने गेले पण परवा एका मित्राने सांगितलं की तो पण जुन्या थारमध्ये स्पीकर बसवायला पुण्यालाच निघालाय, म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

माझ्याकडे २००५ ची जिप्सी किंग आहे, सॉफ्ट टॉप, एमएच ११ पासिंग. मूळ काकांची. मेढ्याकडे शेत आहे आमचं, तिकडे पावसाळ्यात दुसरी गाडी जायची नाही तेव्हा काकांनी ही घेतली होती. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करायचं, ग्रीन टॅक्स भरायचा, त्यांचं वय झालेलं, त्यांनी गाडी मला दिली. म्हणाले बाळा विकू नको फक्त. इंजिन अजून एकदम खणखणीत, तेराशे सीसीचं. गाडीत काकांनी बसवलेला कॅसेट डेक होता आणि मागे दोन गोल स्पीकर. डेकची कॅसेट अधूनमधून अडकायची, रेडिओ मात्र चांगला लागायचा. माझी मुलं म्हणायची बाबा यात ब्लूटूथ नाही, आणि ज्यांनी जिप्सी चालवलीये त्यांना माहितीये की साठच्या पुढे गेलं की हूड असं फडफडतं की शेजारच्याशी पण ओरडून बोलावं लागतं. म्हणून म्हटलं नवीन सिस्टीम बसवू.

साताऱ्यात एकाने अठरा हजार सांगितले फक्त डेक आणि चार स्पीकरचे, पक्क्या बिलासकट. मला वाटलं महाग सांगतोय. पुण्यात एका दुकानाचे व्हिडिओ बघितले होते, जिप्सी थार सगळ्या गाड्या, निळे लाईट, आवाज दणदणीत. फोन केला तर तो म्हणाला सर अँड्रॉइड डेक, चार स्पीकर, अठराशे वॅटचा अ‍ॅम्प (म्हणजे अँप्लिफायर) आणि बेसचा बॉक्स, फिटिंग धरून २८,५००. सगळं एका नामांकित कंपनीचं, एक वर्ष वॉरंटी. जीएसटी बिल पाहिजे असेल तर वरती वाढतील, नाहीतर कच्च्या बिलात करतो. मी कच्च्याला हो म्हणालो. ही माझी चूक, आणि पुढचं सगळं या एका हो मुळे झालं.

शनिवारी सकाळी सहाला निघून गेलो. दहा हजार ॲडव्हान्स यूपीआयने आधीच दिले होते, तेव्हा नाव भलत्याच माणसाचं आलं होतं, मी विचारलं तर म्हणाला भावाचं खातं आहे. गाडी शेडमध्ये घेतली आणि मला म्हणाला सर चार तास लागतील, उन्हात कशाला थांबता, जेवून या, फिरून या. मी गेलो. मंडळी हे अजिबात करू नका. खुर्ची मागून घ्या आणि तिथेच बसा, दिवस गेला तरी चालेल.

दुपारी तीनला आलो तर सगळं बसवून झालं होतं. शेडचं शटर अर्धं खाली, आत गाणं लावलेलं, पत्र्याच्या बंद शेडमध्ये बेस असा घुमत होता की मला खरंच भारी वाटलं. खोकी कुठायत विचारलं तर म्हणाला कचऱ्याच्या गाडीत गेली सर. आता कळतंय की खोकी का नव्हती. बाहेरून आलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव पत्ता, कुठल्या देशात बनलं, महिना वर्ष, एमआरपी हे सगळं छापलेलं असावंच लागतं, कायद्याने. ते खोकं बघितलं असतं तर मला तिथेच समजलं असतं. आणि काकांचा डेक? तो म्हणाला सर तो खराब होता, भंगारात टाकला, हवं तर दोनशे रुपये कमी करतो. मी गोंधळलो, उरलेले पैसे दिले आणि निघालो. त्या क्षणाचं अजून वाईट वाटतं.

हायवेला लागलो आणि खंबाटकीपर्यंतच कळायला लागलं की काहीतरी चुकलंय. आवाज वाढवला की नुसता फाटायचा, शब्द कळत नव्हते, मागचा बॉक्स गुरगुरत होता आणि समोरनं काहीच येत नव्हतं. म्हटलं नवीन आहे, स्पीकर मोकळे होतील हळूहळू (हे पण त्यानेच सांगितलं होतं).

तीन आठवड्यांनी जुलैत आम्ही चौघं कासला निघालो. यवतेश्वरचा घाट चढताना धो धो पाऊस, आणि धाकटी मागनं म्हणाली बाबा काहीतरी जळतंय. प्लास्टिक जळल्याचा वास. गाडी कडेला घेतली, सगळ्यांना पावसात खाली उतरवलं, बॉनेट उघडलं तर बॅटरीपासनं आत जाणारी लाल जाड वायर जिथे पत्र्यातनं आत घुसते तिथे धूर निघत होता. पान्याने बॅटरीची तार काढली तेव्हा हात इतके थरथरत होते की पाना दोनदा पडला. पेट्रोलची गाडी, वर कापडी हूड, आत दोन मुलं बसलेली. अजून पाच मिनिटं गेली असती तर काय झालं असतं याचा विचार रात्री झोपताना येतो, खोटं नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी गाडी टो करून आमच्या जुन्या इलेक्ट्रिशियनकडे नेली, मी त्यांना मामाच म्हणतो, काकांच्या वेळेपासून गाडी तेच बघतात. मामांनी ती वायर सुरीने खरवडली आणि मला दाखवली. म्हणाले, आरं ही बघ की, वरनं तांब्याचा नुसता मुलामा हाय, आतनं पांढरी, ॲल्युमिनियम. तांब्याच्या वायरीएवढा करंट ही घेऊच शकत नाही, त्याच जाडीची असली तरी. गरम होते, दमट हवेत सांधे खराब होतात, आणि जिप्सीसारखी पाटे असलेली गाडी हादरे देते त्यात तुटते पण लवकर. पण ते सोडा. बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. मंडळी अ‍ॅम्पची वायर थेट बॅटरीवरनं घेतात तेव्हा बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज पाहिजेच, अ‍ॅम्पवरचा फ्यूज वेगळा, तो अ‍ॅम्पला वाचवतो, वायरीला नाही. आणि पत्र्याला ड्रिलने भोक पाडून वायर तशीच आत ओढलेली, रबरी ग्रोमेट (भोकात बसवायची रबराची कडी) नाही. चार दहा रुपयाचं रबर. पत्र्याच्या धारेवर घासून घासून वायर सोलली आणि बॉडीला लागली.

मग मामांनी एकेक करून सगळं उघडलं, मी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतो, तुम्ही पण काढा, पुढे उपयोग होतो. अ‍ॅम्पवर मोठ्या अक्षरात १८०० वॅट, आणि फ्यूज फक्त १५ अँपिअरचा. आता हा हिशोब कोणीही करू शकतो, १५ गुणिले गाडीचे १४ व्होल्ट म्हणजे २१० वॅट, एवढंच तो बॅटरीतनं घेऊ शकतो, त्यातलं या प्रकारच्या अ‍ॅम्पमध्ये निम्मं तर उष्णतेत जातं. म्हणजे शंभर सव्वाशे वॅट धरा. हा हिशोब मी दुकानात उभा राहून अर्ध्या मिनिटात केला असता, मला माहितीच नव्हतं. वॅट विचारताना आरएमएस (म्हणजे सलग मिळणारे वॅट) किती तेवढंच विचारायचं, पीक किंवा मॅक्स म्हणून जो आकडा छापतात त्याला काही अर्थ नाही. साध्या डेकवर ५० गुणिले ४ लिहिलेलं असतं ना, ते पण तसंच, १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाज गणिताने पंचवीस सव्वीस वॅटच्या वर जातच नाही, प्रत्यक्षात पंधरा ते वीस मिळतो.

स्पीकरची गोष्ट तर ऐकूनच राग येईल. स्पीकरच्या समोर तीन ट्विटर (बारीक आवाजाचे छोटे स्पीकर) दिसतात, त्यातला एकच खरा, बाकी दोघांना मागे वायरच नाही, नुसत्या प्लास्टिकच्या टोप्या चिकटवलेल्या. मागे मोठं मॅग्नेट दिसतं म्हणून रबरी कव्हर काढलं तर आत पेढ्याएवढं मॅग्नेट आणि भोवती पोकळ. स्पीकर हातात घेऊन बघा, खरा स्पीकर जड लागतो. मी त्यावरचा सिरीयल नंबर त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला पाठवला, चारही स्पीकरवर एकच नंबर होता, त्यांनी लगेच सांगितलं की हा आमचा माल नाही. बेसचा बॉक्स भुशाच्या फळीचा, तीन आठवड्यात खालनं फुगून पापुद्रे निघाले. सॉफ्ट टॉप गाडीत पाणी येणारच, हे त्याला माहिती नव्हतं असं नाही. डेक अँड्रॉइड १३, चार जीबी रॅम म्हणून दिलेला, सेटिंगमध्ये पण तसंच लिहून येतं, पण सीपीयू-झेड नावाचं तपासणीचं ॲप टाकून बघितलं तर अँड्रॉइड १० आणि रॅम दोनच जीबी. म्हणजे सेटिंगचं पान सुद्धा खोटं बनवलेलं.

दुकानदाराला फोन केला तर आधी म्हणाला सर गाडी घेऊन या बघू. घेऊन जाणार कशी, जळलेली. मग म्हणाला तुम्ही पाण्यात घातली असेल, पाण्याला वॉरंटी नाही. मग फोन उचलायचं बंद. वॉरंटी कार्ड काढून बघितलं तर त्यावर नुसता शिक्का, सिरीयल नंबर नाही, तारीख नाही. व्हिजिटिंग कार्डवर जीएसटी नंबर होता, सत्तावीसने सुरू होणारा पंधरा अक्षरी, बघून माणसाला वाटतं सगळं रीतसर आहे. तो नंबर जीएसटीच्या साईटवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली निघाली. हे तपासायला लॉगिन पण लागत नाही. ॲडव्हान्स देण्याआधी दोन मिनिटं काढली असती तर.

१९१५ ला फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. तक्रार घेतली, नंबर दिला, पण दुकानदाराकडून उत्तर आलं नाही. मग एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दुकान पुण्यात असलं तरी आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या साईटवर तक्रार ऑनलाइन भरली. पक्कं बिल नाही, पण यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सॲपवर त्याने स्वतः लिहिलेलं कोटेशन, मामांच्या गॅरेजमधला व्हिडिओ, सर्व्हिस सेंटरचा मेल, सगळं जोडलंय. नोटीस गेल्यावर त्याचा एकदाच फोन आला, सहा हजार देतो मिटवून टाका. मी नाही म्हणालो. पैशापेक्षा मला ती वायर आठवते.

गाडी आता ठीक आहे. मामांनी जळलेलं वायरिंग बदललं, सात हजार गेले. साताऱ्याच्या त्याच दुकानातून, ज्याला मी महाग म्हणालो होतो, साधा ब्लूटूथ डेक आणि पुढे दोनच स्पीकर घेतले, बोटीत वापरतात तसले पाणी सहन करणारे, पक्क्या बिलावर. अ‍ॅम्प नाही, बॉक्स नाही. हूड लावून साठ सत्तरला गाणं नीट ऐकू येतं, जिप्सीत याच्यापेक्षा जास्त लागत नाही असं माझं मत झालंय. त्यांचा पोरगा वायर घालताना मला बोलवून दाखवत होता, दादा इथे ग्रोमेट टाकलाय बघा.

काकांना डेकचं अजून सांगितलं नाहीये. ते परवा गाडीत बसले, नव्या डेककडे बघितलं, आणि जुना जपून ठेवलास ना एवढंच विचारलं. त्यांच्या मुलीने लहानपणी कंपासच्या टोकाने इजेक्टच्या बटणाखाली एक वेडावाकडा 'अ' कोरला होता, शाळेत नुकतीच अक्षरं शिकली होती तेव्हा. ती आता नाही. म्हणून शेवटी एक विनंती आहे, पुण्यात जुन्या डेकची खरेदी विक्री करणारं कोणी असेल, भंगारवाल्यांकडे फिरणारं कोणी असेल, तर काळा कॅसेट डेक, डावीकडचं आवाजाचं गोल बटण थोडं तुटलेलं, आणि इजेक्टखाली तो 'अ', असा कुठे दिसला तर कृपया सांगा. चालू नसला तरी चालेल, मागाल ती किंमत देईन.