'ऊप्स' की 'ओह नो'?

पेला कलंडला, चार थेंब टेबलावर सांडले. इथे इंग्रजीत सहज तोंडून निघतं ते 'ऊप्स'. आपल्या 'अरेच्चा'च्या जवळचं. चूक किरकोळ आहे, बहुधा माझीच आहे आणि ती मला कळलीय, एवढं सगळं त्या एका उद्गारात येतं. पडलेल्या मुलाला उचलताना म्हणतात ते 'अप्सी-डेझी' याच गोतावळ्यातलं. त्याचं जुनं रूप 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टच्या १७११ सालच्या लिखाणात सापडतं.

तेच पाणी लॅपटॉपवर गेलं की मात्र 'ओह नो'. म्हणजे 'अरे देवा!' इथे चूक कोणाची हा प्रश्नच नसतो, काहीतरी वाईट घडलंय एवढंच.

खरी गंमत दुसऱ्याचं दुःख ऐकताना होते. मैत्रीण म्हणाली, "माझी नोकरी गेली." त्यावर 'ओह नो' हळू, 'नो' जरा लांबवून म्हटलं की सहानुभूती पोचते. 'ऊप्स' म्हटलंत तर ती तुमच्याकडे बघतच राहील. तिची थट्टा केल्यासारखं वाटतं ते. दुसऱ्याच्या चुकीला 'ऊप्स' म्हणणं हा तर सरळ टोमणाच.

कोणाच्या पायावर पाय पडला तर? नुसतं 'ऊप्स' उद्धटपणाचं, त्याच्यामागे लगेच 'सॉरी' हवं. सहकाऱ्याला 'ऊप्स, चुकीची फाइल गेली' असं लिहिलं तर खपून जातं. ग्राहकाला लिहिताना मी दोन्ही टाळते आणि सरळ माफी मागते.