वाड्याचा थाट की सुटसुटीत मॉड्युलर?

भाचीने पुण्यात टूबीएचके घेतलाय. फर्निचरवरून दोघांचं जमत नाही: जावयांना मॉड्युलर, म्हणजे प्लायचे तयार भाग जोडून बसवलेलं हवं, तिला सागवानी झोपाळा, पितळी कड्या.

खर्चात मॉड्युलर स्वस्त. सागाचा भाव ऐकूनच घाम फुटतो. टिकण्यात साग खूप पुढे. लाकडातल्या तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही, ओरखडा पडला तर घासून पुन्हा पॉलिश मारता येतं. प्लायची कड मात्र पाण्याने एकदा फुगली की गेलीच. सिंकखाली तरी आयएस ७१० चा (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायच्या मानकाचा) शिक्का बघूनच प्लाय घ्या. साफसफाईला मॉड्युलर सोपं.

दोघंही नोकरीला असाल तर मॉड्युलर बरं. सतत बदल्या असतील तर सागाचं सुटं सामान. भिंतीला ठोकलेलं उखडताना मोडतं. भाचीला मी सांगितलं, स्वयंपाकघर मॉड्युलर कर, झोपाळा मात्र सोडू नकोस.